चेन कधी बदलायची?

दिवाळीच्या सुट्टीत थोरली घरी आली. नाशिकला बी. फार्म. करते, चार महिन्यांनी आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात गाडी सुरू केली आणि ती दात घासत दारात आली.

"अब्बू, गाडीला काय झालंय?"

"काय झालंय?"

"आवाज ऐका ना. डब्यात खिळे घालून हलवल्यासारखा."

तोवर आवाज थांबला होता. मी गाडी बंद करून पुन्हा सुरू केली, काहीच नाही. म्हटलं तुझे कान वाजताहेत. पण पोरगी हट्टी. दुसऱ्या दिवशी पिरंगुटच्या थंडीत सकाळी सहाला तिने मोबाईल बॉनेटवर ठेवला आणि मला चावी फिरवायला लावली. मग घरात बसून आम्ही ते रेकॉर्डिंग ऐकलं. खडखडखडखड, साधारण चार सेकंद. त्यानंतर आमचं नेहमीचं डिझेल इंजिन.

म्हणजे हा आवाज मला कितीतरी दिवस येत असणार. रोज थोडा थोडा वाढत गेला, म्हणून मला कधी ऐकूच आला नाही. मागच्या बाकावरची कुजबुज फळ्याकडे तोंड करून ऐकणारा मी माणूस! सप्टेंबरात गावी गेलो होतो तेव्हा अम्मीही म्हणाली होती, "तुझी गाडी सकाळी खोकते रे, माझ्यासारखी." अम्मीला दमा आहे. मी ते हसण्यावारी नेलं होतं.

तो आवाज टायमिंग चेनचा होता.

गाड्यांमधलं मला फारसं कळत नाही. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो, क्वचित उर्दूचाही तास घेतो. पण या चेनपायी गेल्या वर्षी तीन महिने मी एवढा फिरलो की आता सातवीच्या वर्गालाही समजावून सांगू शकेन. सायकल डोळ्यांपुढे आणा. पेडलचं चक्र पुढे, चाकाचं चक्र मागे, मध्ये चेन. इंजिनातही तसंच. खाली क्रँकशाफ्ट, पिस्टनच्या वरखाली होण्याने तो फिरतो. वर कॅमशाफ्ट, तो वॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. दोघांना बांधणारी चेन. खालचा दोनदा फिरला की वरचा एकदा, यात एका दाताचाही फरक चालत नाही. हवा आत घ्यायची कधी, कोंडायची कधी, धूर बाहेर सोडायचा कधी, हे सगळं त्या एका साखळीवर. म्हणून नाव टायमिंग चेन. आमचे मेस्त्री 'टैमिंग' म्हणतात.

(साखळीला उर्दूत ज़ंजीर. दरवर्षी कोणीतरी पोर विचारतं, सर, मुरुडचा जंजिरा म्हणजे ज़ंजीरच ना? नाही बाबा, तो 'जज़ीरा', अरबीतलं बेट. विषय निघालाच आहे तर सांगून टाकलं.)

या कामासाठी काही इंजिनांत चेन असते, काहींत रबराचा दातेरी पट्टा. जुन्या अॅम्बॅसॅडरमध्ये चेन होती. मारुती ८००मध्ये पट्टा आला. पुढे त्याच कंपनीच्या ऑल्टो के-१०मध्ये पुन्हा चेन. पट्टा स्वस्त, आवाज कमी, पण त्याला मुदत असते. इतक्या किलोमीटरनंतर किंवा इतक्या वर्षांनी बदला, असं पुस्तकात छापलेलं असतं. चेनची मुदत बहुतेक पुस्तकांत छापलेलीच नसते. "लाइफटाइम आहे सर," असं आपल्याला गाडी विकणारे सांगतात. कोणाच्या लाइफचा टाइम, हे आपण विचारत नाही. इंजिन जगेल तितकी चेन जगेल, असा त्याचा अर्थ. आणि चेन तुटली की इंजिनाचंही संपलं, म्हणजे त्यांचं म्हणणं तसं खोटं ठरतच नाही.

मला मात्र हा विषय इतका लागला त्याला कारण पट्टा. ते आधी सांगायला हवं.

आमचं मूळ गाव म्हसळ्याकडचं. मी २००३मध्ये बी. एड. केलं ते चाचांच्या पैशांवर. अब्बा लवकर गेले होते. चाचा कुवेतला वेल्डिंग करायचे. दर तीन महिन्यांनी ड्राफ्ट पाठवायचे आणि फोनवर एवढंच विचारायचे, "पास होशील ना?" नोकरी लागल्यावर मी पैसे परत द्यायला गेलो तर म्हणाले, "मला नको. मिट्टी द्यायला ये, झालं." आपल्याकडे मोठी माणसं असं बोलतात, आपण ते ऐकून सोडून देतो.

२०१६च्या जुलैमध्ये पहाटे फोन आला. चाचा गेले. जुहरनंतर दफन. पावसाळ्याचे दिवस, मय्यत ठेवायची सोयही नाही आणि आपल्यात ठेवायची रीतही नाही. पिरंगुटहून पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, निजामपूर, माणगाव आणि मग म्हसळा. पावसातही साडेतीन तासांत पोचलो असतो. साडेआठला निघालो. मुळशी धरणाच्या कडेकडेने जाताना पाऊस इतका होता की पाणी कुठे संपतं आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. ताम्हिणी गाव मागे पडलं आणि एका वळणावर गाडी बंद पडली. ना धूर, ना आवाज. चालता चालता माणूस एकदम गप्प व्हावा तशी. चावी फिरवली तर स्टार्टर नुसता भिरभिर फिरला, हलका, जणू आत काही नाहीच.

पट्टा तुटला होता. मोबाईलला रेंज नाही. बायको आणि दोन्ही पोरी गाडीत. दीड तासाने एक टेम्पोवाला थांबला. मी घरच्यांना त्याच्या केबिनमध्ये बसवलं आणि मागे ताडपत्रीखाली उभा राहिलो. गावात पोचलो तेव्हा असरची नमाज होऊन गेली होती. कबरस्तानात चाचांच्या कबरीवरची माती पावसाने खचून आधीच बसायला लागली होती. मी खाली वाकून मूठभर उचलली आणि टाकली. त्याला मिट्टी देणं म्हणत नाहीत.

ती गाडी मी दुसऱ्या हाताने घेतली होती. विकणारा म्हणाला होता, "बेल्ट बदललाय, आता बघायचं काम नाही." बिल मागितलं नाही. भल्या माणसाकडे बिल काय मागायचं, असं वाटलं. हेड उतरवलं तेव्हा आठही वॉल्व्ह वाकलेले निघाले. अशा इंजिनात पिस्टन आणि वॉल्व्ह एकाच जागेत येतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. ती वेळ पाळणारा पट्टा गेला की एकमेकांवर आदळतात. ३२ हजार रुपये गेले. त्याचं मला फार वाटलं नाही.

पुढची गाडी घेताना माझी एकच अट होती: चेनवाली. २०१८मध्ये ही छोटी डिझेल मिळाली, ७२ हजार किलोमीटर चाललेली. शाळेतल्या दोन सहकाऱ्यांना भुगावातून उचलत रोज चांदणी चौक पार करून कॅम्पाकडे जायचं, आणि महिन्या-दीड महिन्याने ताम्हिणी उतरून अम्मीकडे. चेन आहे, निश्चिंत राहा, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

आणि थोरलीने कान दिला तेव्हा काटा १,३४,००० वर होता.

आमच्या पिरंगुटच्या मेस्त्रींनी रेकॉर्डिंग ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला तो चेनचा नव्हता.

"सर, ऑईल कधीचं हाय?"

मला आठवेना. डायरी काढली. मार्च २०२०मध्ये बदललं होतं, मग लॉकडाऊन. शाळा मोबाईलवर, गाडी दारात. अधूनमधून औषधं आणायला, रेशनला, दोन-तीन किलोमीटर. 'गाडी चाललीच नाही तर ऑईल कशाला बदलायचं' हा माझा हिशेब, आणि तो दोन वर्षं चालला. नंतरही बदललं ते वेळेवर नाही, आणि फिल्टर जो स्वस्त मिळाला तो.

मेस्त्रींनी हातातला पान्हा खाली ठेवला. चेन ताणलेली ठेवायला टेन्शनर असतो आणि तो ऑईलच्या दाबावर चालतो, हे त्यांनी मला समजावलं. रात्रभरात ऑईल खाली उतरतं. सकाळी चावी फिरवली की दाब वर पोचेपर्यंत टेन्शनर ढिला, चेन ढिली, ती गाईडवर आपटते. तोच तो खडखडाट. थंड इंजिन दोन-तीन किलोमीटर चालवून बंद केलं की ऑईल नीट तापत नाही, त्यात ओल आणि काजळी साचते. डिझेलमध्ये काजळी जास्तच. ते काळं ऑईल चेनच्या प्रत्येक कडीतल्या पिनेला पॉलिश पेपरसारखं घासतं.

"लोक म्हणत्यात चेन ताणली. लोखंड काय रबर हाय का ताणायला? परत्येक पिन जराजरा झिजती. कड्या शंभरावर. समद्याची झीज मिळून चेन लांब व्हती."

घरी येऊन मी गणित केलं. गाडीचा सरासरी वेग ताशी ४० धरला आणि इंजिनाचे फेरे मिनिटाला दोन हजार, तर १,३४,००० किलोमीटरमध्ये कॅमशाफ्ट वीस कोटींच्या आसपास वेळा फिरला. इतक्या वेळा प्रत्येक वॉल्व्ह उघडला आणि मिटला, आणि प्रत्येक वेळी पिस्टन जवळून निघून गेला. हे वाचून तुम्हाला काही वाटतं का माहीत नाही, मला त्या रात्री झोप लागली नाही.

मेस्त्रींनी चेन बदला असं लगेच म्हटलं नाही, हे मला आवडलं. म्हणाले, आधी चांगलं ऑईल टाकू, कंपनीने सांगितलेल्या नंबरचंच, आणि ओरिजिनल फिल्टर. हलक्या फिल्टरचा आतला पडदा ऑईल धरून ठेवत नाही, नुसत्या त्यानेही सकाळी असा आवाज येतो. खर्च अडीच-तीन हजार. आठ दिवस ऐकू.

आठ दिवस मी रोज सकाळी मोबाईल बॉनेटवर ठेवला. चार सेकंदांचे दोन झाले. मला इतका आनंद झाला की सहकाऱ्यांना भुगावच्या चौकात चहा पाजला. डिसेंबर संपता संपता ते पुन्हा तीन झाले.

मग मी ज्याला त्याला विचारत सुटलो. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेलो, तिथल्या सल्लागाराने गाडीला कॉम्प्युटर जोडला. क्रँक आणि कॅम एकमेकांच्या मागेपुढे पडले असतील तर कॉम्प्युटर तसा कोड दाखवतो. कोड नव्हता. "चालवा सर, काही नाही," म्हणाला. म्हटलं, मग केव्हा बदलायची? "कोड आला की." आणि कोड यायच्या आधीच दात सुटला तर? त्यावर त्याने छापील अंदाजपत्रक दिलं, २७ हजारांचं. त्याचं चुकलं असं म्हणत नाही, त्याच्याकडच्या पुस्तकात जे होतं ते त्याने सांगितलं. पण 'काही नाही' आणि २७ हजार ही दोन्ही उत्तरं एकाच माणसाकडून पाच मिनिटांत मिळाली.

नाना पेठेत, जिथे गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांची रांग आहे, तिथे एक बुजुर्ग उस्ताद बसतात. आता स्वतः काम करत नाहीत, मुलाच्या दुकानात स्टुलावर बसून असतात. त्यांना रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी डोळे मिटले.

"बेल्ट चुपचाप मरता है सर. चेन पहले बड़बड़ाती है."

"कितने दिन?"

"वो नहीं बताती."

मग त्यांनी मला उलट विचारलं, गाड़ी कहाँ जाती है? मी म्हटलं, रोज शाळा. आणि घाट उतरून गाव. "स्कूल के लिए मत बदलो. स्कूल के रास्ते में बंद हुई तो रिक्शा है. घाट के लिए सोचो." तिथेच मला कळायला हवं होतं. पण थोरलीच्या कॉलेजची फी जानेवारीत होती आणि एलआयसीचा हप्ता होता. किटचे आठ-नऊ हजार, मजुरी, ऑईल, सील, सगळं मिळून पिरंगुटच्या मेस्त्रींचा आकडा सोळा हजारांचा होता. मार्चमध्ये बघू, असं ठरवलं. मार्च का, तर तो लांब होता म्हणून.

मधल्या काळात एक सोपा रस्ताही पुढे आला. शाळेतल्या एका शिक्षकाला गाडी हवी होती. माझी गाडी त्याने पाहिलेली, त्यात बसलेला. किंमतही बरी सांगत होता. ओळखीच्या एकाने मला बाजूला घेऊन कानमंत्र दिला: "त्याला दुपारी बोलव. आधी पाच किलोमीटर फिरवून आण. गरम इंजिन कधी वाजत नाही."

खरं सांगतो, मी ते लगेच झटकून टाकलं नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं, तेही सहज बोलल्यासारखं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तो बेल्टवाला पण भला माणूसच होता ना?"

फिकहमध्ये 'खियार-ए-ऐब' म्हणून एक हक्क सांगितला आहे. मालात लपलेला दोष निघाला तर घेणाऱ्याला सौदा मोडता येतो. मदरशात न गेलेल्या माझ्यासारख्याने तो शब्द वाचून पाठ केलेला, वर्गात कधीतरी शब्दार्थ म्हणून सांगितलेला. विकणाऱ्याच्या बाजूने त्याचा विचार करायची वेळ तोवर आली नव्हती. मी त्या शिक्षकाला सकाळी सहाला घरी बोलावलं, गार गाडी सुरू करून दाखवली आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सर, मग चेन बदलून द्या, घेतो." म्हणजे घोडं पुन्हा तिथेच येऊन थांबलं.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री पावणेदोनला आपाचा फोन आला. अम्मीला श्वास घेता येत नव्हता. गावातल्या डॉक्टरांनी माणगावला न्यायला सांगितलं होतं, गाडीत घालत होते. "तू निघ," एवढंच आपा बोलली.

बायकोने स्वेटर आणि पाकीट हातात दिलं. मी गाडीत बसलो, चावी फिरवली. खडखडखडखडखड. त्या रात्री मी मोजलं, पाच. पौडच्या पुढे वस्ती विरळ होत जाते, मुळशीनंतर अंधार, ताम्हिणीत रेंज नाही. दोनचा सुमार. मी गिअर टाकला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो. आवाज केव्हाच थांबला होता, इंजिन अगदी व्यवस्थित चालू होतं. त्या चेनने कदाचित मला माणगावला सुखरूप पोचवलं असतं. उन्हाळाभरही पोचवलं असतं. पण मला ते वळण दिसत होतं.

गाडी बंद केली आणि शेजारचं दार वाजवलं. शेजारी शेतकरी आहेत, भात करतात, पिकअप आहे, पहाटे मार्केट यार्डला भाजी नेतात. मी म्हटलं, चावी द्या. ते म्हणाले, "थांबा सर, टोपी घालतो." घाटात दोघेही फारसं बोललो नाही. मुळशीचं पाणी उजवीकडे चांदण्यात चमकत होतं. हे धरणाचं पाणी डोंगराखालून कोकणाकडे भिऱ्याच्या वीजघरात जातं, शंभर वर्षं होत आली. या पाण्याखाली गेलेल्या जमिनींसाठी सेनापती बापटांनी इथे सत्याग्रह केला. शेजाऱ्यांच्या आजोबांचं शेतही त्याखाली आहे, हे त्यांनी त्या रात्री पहिल्यांदा सांगितलं. पाणी रोज आमच्या गावाच्या दिशेने घाट उतरतं आणि मी सोळा हजारांसाठी अडलो होतो.

अम्मीला ऑक्सिजन लावला होता. पहाटेपर्यंत तिला आराम पडला. मला बघून तिने पहिलं काय विचारलं असेल? "गाडी कुठेय?"

त्या आठवड्यात मी एलआयसीचा हप्ता दंडासह भरायचं ठरवलं आणि किट आणलं. नाना पेठेतूनच. उस्तादांनी मुलाला दोन डबे काढायला लावले, एक अर्ध्या किमतीचा. "ये मत लेना," स्वतःच्या दुकानातल्या मालाबद्दल म्हणाले. किटमध्ये नुसती चेन नसते. टेन्शनर, दोन्ही बाजूंचे गाईड, दातेरी चक्रं. जुन्या चक्रांवर नवी चेन चढवली तर झिजलेल्या दातांवर ती लवकर झिजते. हे सायकलवाल्यालाही माहीत असतं.

शनिवारी शाळा लवकर सुटली आणि मी गॅरेजमध्ये जाऊन बसलो. मेस्त्रींना आवडलं नसावं, पण बोलले नाहीत. पुढचं कव्हर काढायलाच सकाळ गेलेली होती. खालचं ऑईल चेंबर उतरवलं तेव्हा तळाशी काळ्या प्लॅस्टिकचे दोन-तीन कपचे सापडले, नखाएवढे. गाईडचे. मेस्त्रींनी ते माझ्या तळहातावर ठेवले. हे कपचे ऑईल ओढणाऱ्या जाळीत जाऊन बसले असते तर ऑईलचा रस्ता बंद झाला असता, आणि मग चेन राहिली बाजूला, अख्खं इंजिन जाम. आवाजाकडे कान लावून बसलेल्या मला हा दुसरा धोका ठाऊकच नव्हता, आणि तो कुठल्याही रेकॉर्डिंगमध्ये ऐकू आला नसता.

जुनी चेन त्यांनी धुतली आणि खिळ्याला टांगली. शेजारी नवी. पाहिलं तर दोन्ही सारख्याच. मग त्यांनी खालच्या टोकाशी बोट लावलं. जुनी पाचेक मिलिमीटर खाली लोंबत होती. बस, एवढंच. वीस कोटी फेऱ्यांची झीज माझ्या बोटाच्या नखापेक्षाही कमी. मग दोन्ही आडव्या धरल्या. नवी बरीचशी सरळ राहिली, जुनी कमानीसारखी वाकली.

मी विचारलंच, "अजून किती चालली असती?"

"पंधरा-वीस हजार चालली असती," ते म्हणाले. थोड्या वेळाने, हात पुसताना, "नायतर उद्या गेली असती."

नवी चेन चढवताना त्यांनी रेडिओ बंद केला. चेनच्या दोन-तीन कड्या वेगळ्या रंगाच्या असतात, त्या वरच्या आणि खालच्या चक्रांवरच्या खुणांशी जुळवायच्या. जुळवल्या, पुन्हा तपासल्या, पोराला बोलावून त्याच्याकडून तपासून घेतल्या. टेन्शनरची पिन काढली. तरी चावी नाही. आधी लांब पान्हा लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवलं, अगदी सावकाश, कुठे अडतंय का ते बघत. वॉल्व्हला पिस्टन लागत असेल तर हाताला कळतं आणि थांबता येतं, स्टार्टरला कळत नाही. मी ते बघत असताना श्वास धरून होतो, हे मला नंतर पोराने हसून सांगितलं.

एकूण १६,४०० झाले. बिल मागितलं. मेस्त्रींनी वहीचं पान फाडून त्यावर तारीख, किलोमीटर आणि काय काय बदललं ते लिहून दिलं. ते पान मी गाडीच्या कागदांत ठेवलं आहे. पुढेमागे गाडी कोणी घेतली तर ते त्याच्या हातात देईन.

त्या शिक्षकाने दरम्यान दुसरी गाडी घेतली. सकाळी ऐकून घेतली का, असं मी त्याला विचारलं. म्हणाला, "दोनदा."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, रमजानच्या आधी, आम्ही गावी गेलो. अम्मी बरी होती, इनहेलर उशाशी. रविवारी राहून सोमवारी फजरनंतर निघायचं होतं, म्हणजे दुपारच्या शाळेला पोचता येतं. दरवेळी असंच होतं: मी गाडी सुरू केली की ती आवाजाने उठते, शाल ओढून ओट्यावर येते, पोरींच्या डोक्यावर हात ठेवते, मला फणसाच्या गऱ्यांची पिशवी देते.

मी गाडी सुरू केली. ऐकलं. काही नाही. बायको आणि पोरी बसल्या. दोन मिनिटं थांबलो. ओटा रिकामाच.

खाली उतरून आत गेलो. अम्मी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. हाक मारली तर दचकून उठली.

"निघालास? अरे, गाडी तर सुरू कर आधी."